डहीच्या ताई आणि तिसरीचं इंग्रजी

मी देवासला एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी आणि वर्गात इंग्रजी असा माझा दिवस तीन भाषांत वाटलेला असतो. त्यातली मराठी मी वाचायला फार उशिरा शिकले, हिंदी न शिकताच आली, आणि इंग्रजी मात्र घासून-पुसून, मेहनतीनं मिळवली. त्यामुळे तिच्याबद्दल मला अंमळ गर्वच होता. धार जिल्ह्यातल्या सरकारी शाळांसाठी तिसरीच्या इंग्रजीच्या वर्कशीट लिहाल का, अशी एका एनजीओतून विचारणा झाली, तेव्हा मी फोनवरच हो म्हणून टाकलं. तिसरीचं इंग्रजी! त्यात अवघड ते काय असणार?

दिवाळीच्या सुट्टीत बसून मी बारा पाठ लिहिले. ‘माय बर्थडे’, ‘माय फॅमिली’, ‘अ डे ॲट द झू’, ‘इन द पार्क’ असे. चित्रं कुठं येतील तेही पेन्सिलीनं आखलं. आमच्या मुख्याध्यापिकांना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “बहुत सुंदर.” मी फाइल छातीशी धरून धारच्या मीटिंगला गेले.

मीटिंग बाजारातल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. एनजीओची एक तरुण मुलगी सगळं बघत होती आणि आम्ही चार-पाच शिक्षक होतो. मी सोडून बाकीचे सगळे सरकारी शाळांतले. त्यांतल्या एक बाई पंचावन्नच्या आसपासच्या, सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. माझं आडनाव ऐकल्याबरोबर त्या मराठीत आल्या. “आपलं माहेर कुठलं म्हणायचं?” अशी जुनी, घडी घातल्यासारखी मराठी. त्या मूळच्या धारच्याच. आजोबा-पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. ह्या मात्र वीस-बावीस वर्षं डहीच्या पलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होत्या. मी त्यांना ताई म्हणायला लागले, आणि पुढंही ताईच म्हणत राहिले.

ताईंनी माझी फाइल घेतली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बाकीचे चाळत होते, त्या वाचत होत्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “हे ‘आयसिंग’ म्हणजे काय हो?”

“केकवरचं क्रीम.”

“अच्छा. आणि ही मेणबत्ती विझवायची कशासाठी?”

“वाढदिवसाला विझवतात ना, ताई.”

“ते टीव्हीवर बघितलंय मी. पण आमच्याकडे लाईट गेली की मेणबत्ती लावतात. पोरं विचारतील, बेनजी, चांगली जळत होती, विझवली कशाला?”

सगळे हसले. मला ते लागलं. मी जरा तोऱ्यातच इंग्रजीत म्हणाले की नवे शब्द मुलांच्या कानावर पडावेत हाच तर उद्देश आहे. ताईंना ते वाक्य सगळं कळलं की नाही, कोण जाणे. “हो, तेही खरंच,” म्हणून त्यांनी पान उलटलं. मग त्यांचं बोट एका सूचनेवर थांबलं. ‘डू ॲज डायरेक्टेड.’

“हे कोणाला सांगितलंय? पोराला की मला?”

मी स्वतः लहानपणी ‘फिल इन द ब्लँक्स’ हा एकच लांबलचक शब्द समजत असे. त्याचा अर्थ काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, रिकाम्या जागा दिसल्या की मी आपली भरत सुटायची. ते मला त्या क्षणी आठवलं.

चहाच्या वेळी ताई जवळ येऊन बसल्या. “मॅडम, रागावू नका. माझं इंग्रजी कच्चं आहे. हिंदी मीडियममध्ये शिकले, बी.ए. पण हिंदीतच. म्हणून विचारते. हे पाठ मी आमच्या पोरांना देऊन बघते. नाहीतर असं करा ना, तुम्हीच या. राहायला माझ्याकडे.”

घरी आल्यावर मी नवऱ्यापुढं भरपूर धुसफुसले. जिला ‘आयसिंग’ माहीत नाही, ती मला शब्द शिकवणार! तो शांतपणे म्हणाला, “जाऊन तर ये.” मला वाटतं, घरातली धुसफुस चार दिवस बंद व्हावी एवढाच त्याचा हेतू असावा.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार, पुढं कुक्षीला बस बदलून डही. शेवटच्या बसमध्ये कंडक्टर “भिया, सरको जरा” म्हणत माणसांवर माणसं रचत होता आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी कापसाचं गाठोडं होतं. ताई स्टँडवर उभ्याच होत्या. डहीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या. यजमान धारला, ताई दर शनिवारी तिकडे जायच्या नि सोमवारी पहाटे परत. संध्याकाळी त्यांनी मक्याच्या भाकरी करायला घेतल्या आणि मी ओट्याजवळ उभी होते तेव्हा भिंतीवर लक्ष गेलं. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, कोऱ्या बाजूवर हिंदी अक्षरांत शब्द लिहिलेले. मोटर, स्टार्टर, पाइप, चार्जर, बॅटरी, रिचार्ज, टायर, पंक्चर, ब्रेक, पिकअप, इंजेक्शन, सलाईन, टॉर्च, फुल, हाफ, फोटो, टिकट. चार पानं भरलेली.

“हे काय, ताई?”

“आमच्या पोरांचं इंग्रजी,” त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. “इथं जो तो येतो नि म्हणतो, ह्या पोरांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पोरं भिलाली बोलतात, त्यातच हे शब्द बोलतात. मला ऐकू आला की लिहून ठेवते. त्यांना येतंय ते इंग्रजी आहे, हे फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही.”

“मग तुम्ही सांगता?”

“पहिल्या दिवशीच. ही पानं वर्गात लावते आणि म्हणते, एवढं तर तुम्हाला येतंच, आता पुढचं बघू. त्यांची पाठ अशी ताठ होते बघा.” त्यांनी पिठाच्या हातानंच ताठ पाठ करून दाखवली.

मी ती चार पानं पुन्हा वाचली. माझ्या बारा पाठांत ह्यातला एकही शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. दोन खोल्या, पुढं कडुलिंब, मागं कापसाचं शेत. तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत, तीसेक मुलं. मी माझ्या वर्कशीट वाटल्या. पहिल्या वर्कशीटमध्ये चार-चार चित्रांच्या ओळी होत्या आणि वर लिहिलं होतं, ‘सर्कल द ऑड वन आऊट’. आंबा, केळं, पेरू आणि चप्पल. मी सूचना मोठ्यानं वाचली. मुलं कागदाकडे बघत राहिली. मग ‘आऊट’ हा शब्द एका मुलीनं पकडला आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. हां हां म्हणता खोलीभर एकच चर्चा. मी ताईंकडे बघितलं.

“ती म्हणतेय, ह्यांच्यात कोण आऊट झाला ते विचारतायत. क्रिकेटचं.”

मी “नो, नो” म्हणणार, एवढ्यात मुलांनी पेन्सिली उचलल्या होत्या. चप्पल आऊट. दुसऱ्या ओळीत बैल आऊट. तिसऱ्या ओळीत चंद्र आऊट. प्रत्येक वेळी सगळी मुलं अंपायरसारखं बोट वर करत होती. एकाचंही चुकलं नाही. ‘ऑड’ म्हणजे काय, ‘सर्कल’ म्हणजे काय, ह्यांतलं काहीही माहीत नसताना.

ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “‘हू इज आऊट?’ असंच लिहिलं तर चुकीचं होईल का हो?”

व्याकरणात काहीच चूक नव्हती. मी कागदावर माझी सूचना खोडली आणि ती लिहिली. खोडताना जरा जड गेलं, हे कबूल करते.

मग ‘माय फॅमिली’. तो पाठ माझा लाडका होता. छोटी, सरळ वाक्यं: ‘धिस इज माय फॅमिली. माय मदर इज ॲट होम. माय फादर इज इन द ऑफिस.’ सगळ्यांनी सुरात म्हटलं. मग एकेकाला उभं करून वाचायला सांगितलं. चौथीतली एक मुलगी उठली, दोन वेण्या, लाल रिबिनी. पहिलं वाक्य तिनं खणखणीत वाचलं आणि गप्प झाली. मला वाटलं, पुढचा शब्द अडला.

“म... मदर,” मी सांगितलं.

“पढ़ना आता है, मैडम.”

“फिर पढ़ो, बेटा.”

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “ये झूठ लिखा है.”

सोळा वर्षं शिकवतेय, पण मी लिहिलेलं वाक्य खोटं आहे असं मला कुणी विद्यार्थ्यानं सांगितलं नव्हतं. चूक आहे असं सांगितलं होतं, अवघड आहे असंही सांगितलं होतं, पण खोटं आहे असं कधीच नाही.

ताई मागून आल्या आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या. तिच्याशी भिलालीत हळूहळू बोलल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, आवाज मऊ केला नाही. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं विचारत होत्या. मग मला म्हणाल्या, “गेल्या सोमवारी आई-बाप दोघंही गुजरातेत मोरबीला गेले, टाइल्सच्या कामावर. आता होळीला येतील. ही काकीकडे आहे.” आणि तिच्याकडे वळून हिंदीत, “तो फिर जो सच है, वो लिख.”

मुलीनं माझं वाक्य खोडलं. मग मला विचारलं, “मैडम, मोरबी को अंग्रेजी में क्या बोलते हैं?”

“मोरबीच.”

तिला ते आवडलं असावं. तिनं फळ्यावर मी लिहून दिलं तसं एकेक अक्षर काढलं आणि वाचलं, “माय मदर इज इन मोरबी.” पहिल्या वाक्याइतकंच खणखणीत.

त्यानंतर जे झालं ते आवरता आवरेना. सगळ्यांनाच आपापलं वाक्य दुरुस्त करायचं होतं. कुणाची आई कापूस वेचायला गेली होती, त्याला शेत हवं होतं. कुणाचा बाप पिकअपवर होता. एक म्हणाली, घरी आता फक्त बकरी आहे, तर ‘माय गोट इज ॲट होम’ असं लिहिलं तर चालेल का? मी म्हटलं, पळेल! फील्ड, वेल, रिव्हर, ब्रिक, अंकल, सिस्टर. मी फळ्यावर लिहीत होते आणि मुलं मागत होती. अर्धा-पाऊण तास. मी मुलांना शब्द देत आले होते, पण मुलं माझ्याकडे शब्द मागताहेत असं मी पहिल्यांदाच बघत होते.

मधल्या सुट्टीत मी ताईंना म्हणाले, “हा पाठ मी फाडून टाकते.”

“फाडतेस कशाला?” त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करायला लागल्या. “वाक्य चांगलं आहे. फक्त तिथं कोण आहे ते पोरांना भरू दे.”

देवासला परतल्यावर मी झपाटल्यासारखी कामाला लागले. बर्थडे गेला, झू गेला, पार्क गेलं. मोटर आली, पाइप आला, बकरी, मका, कापूस, हातपंप आला. प्रत्येक पान लिहून झालं की फोटो काढून ताईंना पाठवायचं आणि रविवारी धारला भेटायचं, असं तीन-चार महिने चाललं. त्यांच्या धारच्या घरी डायनिंग टेबलावर कागद पसरलेले, यजमान मध्येच येऊन “आज कुठल्या शब्दावर अडलंय?” म्हणून विचारून जायचे. एक सकाळ आम्ही नुसत्या ‘हाऊस’ आणि ‘होम’ वर घालवली. ताई म्हणाल्या, “हाऊस बांधतात, होमला जातात, असं सांगू का पोरांना?” इंग्रजीच्या एम.ए.ला मला हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

पण एकदा त्या माझ्यावरच उखडल्या. मी अक्षरांचं पान दाखवलं होतं. त्यात मी ‘एस’ला ‘सी’ म्हणजे समुद्र, आणि ‘शिप’ काढून टाकून ‘सीड’ आणि ‘सॅक’ घातलं होतं. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

“समुद्र कुठं गेला?”

“मुलांनी बघितलेला नाही ना, ताई. जवळचे शब्द हवेत असं तुम्हीच तर...”

“मी कधी म्हटलं असं?” त्यांनी चष्मा काढला. “मी म्हटलं, सूचना जवळच्या शब्दांत हवी. काय करायचंय ते कळायला हवं. म्हणून काय पोरांना आयुष्यभर बकरी नि हातपंपच देणार तू? मी तरी समुद्र कधी बघितला? लग्नानंतर, मुंबईला. पण शब्द मला पाचवीपासून ठाऊक होता, म्हणून बघितल्यावर ओळखता आला. समुद्र परत घाल. जहाज पण घाल. बर्फ पण.”

“मग आयसिंग?” मी चिडून विचारलं.

ताई हसल्या. “ते राहू दे. त्याच्यावाचून काही अडत नाही.”

कुठला दूरचा शब्द द्यायचा आणि कुठला नाही, ह्याचा नियम मी त्यांना बरेचदा विचारला. त्यांनी तो कधी सांगितला नाही. मला वाटतं, त्यांच्याकडे नियम नव्हताच. त्या डोळे मिटून एखादं पोर समोर उभं करायच्या आणि त्या पोराच्या तोंडात तो शब्द ठेवून बघायच्या.

आता मला जे सांगायचं आहे ते जरा माझ्या विरुद्ध जाणारं आहे.

वर्गातल्या रोजच्या सूचनांचं एक पान ताईंनी स्वतः लिहिलं होतं. ‘ओपन द डोअर. क्लोज द डोअर. ओपन द बुक. क्लोज द बुक.’ आणि खाली, ‘क्लोज द फॅन.’ ते मी टाइप केलं. टाइप करताना मला चूक दिसली. पंखा ‘क्लोज’ करत नाहीत, ‘स्विच ऑफ’ करतात. मी थबकले आणि पुढं गेले. ज्या बाईनं मला इतकं दाखवलं तिची चूक मी काय दाखवायची, असं वाटलं. शिवाय आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, कोण बघतंय, असंही वाटलं असेल.

छपाईच्या आधी धारला शेवटची बैठक झाली. भोपाळहून एक तज्ज्ञ आले होते, वयस्कर, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी पानं उलटता उलटता विचारलं, “ये ‘क्लोज द फैन’ किसने लिखा है?”

खोलीत दहा-बारा जण होते. ताईंनी हात वर केला, वर्गात मूल करतं तसा. “मैंने, सर.”

“पंखे के लिए ‘स्विच ऑफ’ कहेंगे.”

“दरवाजा क्लोज, किताब क्लोज, तो पंखा क्यों नहीं, सर?”

मला वाटलं, आता त्या वाद घालणार. पण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ते गृहस्थही मन लावून समजावू लागले: जे उघडतं ते क्लोज होतं, पंखा उघडत नाही, फक्त थांबतो. ताईंनी वही काढून लिहून घेतलं. मग मान वर करून सगळ्यांसमोर म्हणाल्या, “गलती मेरी है. बीस साल से यही सिखा रही हूँ.” आणि पुढच्या पानाकडे वळल्या. त्यांच्या आवाजात लाज नव्हती. एखादं भांडं गळतंय हे लक्षात आलं की माणूस ते बाजूला काढून ठेवतो, तसं होतं ते. मी मात्र टेबलाच्या कडेकडे बघत बसले होते.

बाहेर पडल्यावर रस्त्यातच त्यांनी विचारलं, “टाइप तू केलंस. तुला दिसलं होतं ना?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला कसं सांगायचं, ताई...”

“मला मान दिलास नि पोरांचं नुकसान केलंस,” त्या म्हणाल्या. “माझं इंग्रजी कच्चं आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते काय लाजून सांगितलं होतं का? तुझ्या कामाचं होतं म्हणून सांगितलं.”

एवढंच बोलल्या. मग कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी होती तिथं थांबून दोन ग्लास सांगितले आणि त्या विषयावर पुन्हा कधीही आल्या नाहीत. पण ती वाक्यं मला आजही लागतात. आदराच्या नावाखाली मी किती ठिकाणी गप्प बसले असेन, ह्याचा हिशेब मी तेव्हापासून मनातल्या मनात करत आले आहे.

त्याच आठवड्यात मी छापायच्या आधीची पानं घेऊन डहीला गेले. ताईंनी वर्गात शिरल्या शिरल्या पंख्याकडे बोट केलं. “ये मैंने तुमको गलत सिखाया था. क्लोज नहीं, स्विच ऑफ.” मुलांना प्रचंड आनंद झाला. बेनजी चुकल्या! लाल रिबिनवाली मुलगी तर पळत जाऊन बटणापाशी उभी राहिली आणि प्रत्येकानं एकदा “स्विच ऑफ द फॅन” म्हणेपर्यंत पंखा चालू-बंद करत राहिली. ताईंनी घरी मोठ्या भावंडांनाही सांगायला बजावलं. मला वाटलं, झालं. पण संध्याकाळी स्टँडकडे जाताना त्या एका मोबाईलच्या दुकानात शिरल्या. गल्ल्यावर तिशीचा, दाढीवाला माणूस. तो चटकन उठून उभा राहिला.

“सुन, वो क्लोज द फैन गलत था. स्विच ऑफ बोलना.”

“जी, बेनजी,” तो म्हणाला. त्याला काय कळलं असेल देव जाणे, पण त्यानं तोंडातल्या तोंडात ते एकदा म्हणून बघितलं. पुढं भाजीवालीशी, तिथून एका पंक्चरवाल्याकडे. प्रत्येकाला तेच. सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. माझी बस सुटायला आली तरी त्यांची यादी संपली नव्हती.

वर्कशीट छापून आल्या. सगळ्या गोष्टी आमच्या मनासारख्या झाल्या नाहीत. ‘हू इज आऊट?’ वरच्या कुणाला तरी पटलं नाही आणि छापताना तिथं पुन्हा ‘ऑड वन आऊट’ आलं. ताईंनी आपल्या शाळेच्या सगळ्या प्रतींवर पेननं बदलून घेतलं, आणि मी देवासला माझ्या शाळेत, जिथं सगळ्यांना ‘ऑड’ येतं, तिथंही तसंच म्हणते. मुलं बोट वर करतात. ‘माय फॅमिली’चं पान मात्र राहिलं. सरदारपूरकडच्या एका शिक्षकानं एकदा आपल्या वर्गातले भरलेले कागद आणून दाखवले. कुणाच्या घरी आजोबा होते, कुणाच्या घरी पोलीस काका, एकाच्या घरी सध्या फक्त प्लंबर. मी आणि ताई त्या कागदांवर खूप हसलो.

ताईंची निवृत्ती आता जवळ आली आहे. चौथीच्या वर्कशीट आम्ही दोघी करतो आहोत. सध्या भावनांचं पान चालू आहे. हॅपी, सॅड, अँग्री, अफ्रेड हे सगळं झालं. ताईंना रुसलेल्या चेहऱ्यासाठी शब्द हवा आहे, कारण वर्गात रागावलेली मुलं कमी असतात आणि रुसलेली जास्त. मी ‘सल्क’ सुचवला. त्या म्हणाल्या, अर्थ समजावून सांग. मी सांगितला. त्या म्हणाल्या, “ह्यात समजूत काढायला कुणी येईल असं वाटत नाही. रुसलेलं पोर एका डोळ्यानं बघत असतं, येतंय का कुणी. ते ह्यात कुठं आहे?” मी चार शब्दकोश पालथे घातले. शेवटी ‘अपसेट’ सुचवला आणि वर्गात वापरून बघा म्हटलं.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. मागं मुलांचा गलका ऐकू येत होता.

“अगं, तुझा तो ‘अपसेट’ चालत नाही.”

“का हो?”

“एक रुसून बसली होती, तिला मी विचारलं, आर यू अपसेट? तर सगळा वर्ग म्हणाला, बेनजी, इसका पेट तो ठीक है.”

मी हसत सुटले. त्या हसल्या नाहीत; त्यांना शब्द हवा होता.

“दुसरा बघ,” त्या म्हणाल्या, “आणि रविवारी ये.”